मंगळवारची गुहा

एका जंगलात एक खातं होतं. मुलांनो, जंगलात खातं कुठून आलं, असं विचारू नका. जिथे चारजण काम करतात आणि पाचवा त्यांच्याकडे बघत बसतो, तिथे खातं आपोआप तयार होतं.

या खात्याचं नाव इशारा खातं. त्याला काम एकच होतं. बिबट्या दिसला की ओरडायचं. ओरडणं ऐकून चितळांचा कळप बाजूला व्हायचा आणि सगळे त्या दिवसापुरते जिवंत राहायचे. इतकं सोपं काम. शहाण्यांनी त्यात हात घातला नसता, तर ते आजही तितकंच सोपं राहिलं असतं.

खात्याचे प्रमुख होते भालचंद्रपंत अस्वल. पंतांना लांबचं दिसत नसे. इशारा खात्याच्या प्रमुखाला लांबचं दिसलं पाहिजे, असा नियम कुठेच नव्हता, म्हणून ते प्रमुख होते. जवळचं मात्र त्यांना उत्तम दिसे. समोर कोण बसलंय, कोण उठलं, कोण सारखं पाणी प्यायला जातं, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

म्हणून त्यांनी खातं एका गुहेत ठेवलं होतं. गुहेच्या तोंडाशी ओल्या मातीचा थर होता. सकाळी येताना प्रत्येकाने त्यात आपलं पाऊल उमटवायचं. ती हजेरी. मग दिवसभर गुहेत बसून बिबट्यावर लक्ष ठेवायचं. गुहेतून बिबट्या दिसत नसे. गुहेतून काहीच दिसत नसे. पण गुहेतले सगळे एकमेकांना दिसत, आणि पंतांच्या मते पाहण्यासारखं तेवढंच होतं.

अधूनमधून बिबट्या एखादं चितळ उचलून न्यायचा. मग खातं थोडा वेळ मान खाली घालून उभं राहायचं आणि पुन्हा बसायचं.

एका वर्षी नदीला मोठा पूर आला. गुहेत पाणी शिरलं आणि बरेच दिवस हललंच नाही. पंत म्हणाले, "नाइलाज आहे. तूर्त जो जिथे राहतो तिथूनच काम करेल."

आता गंमत ऐका.

भिकोबा नावाचं एक म्हातारं वानर खात्यात होतं. ते बेहड्याच्या शेंड्यावर राहायचं. तिथून अर्धं जंगल दिसायचं. सुलोचना नावाची एक टिटवी होती. ती नदीकाठच्या गोट्यांत राहायची. गवत जरा हललं तरी तिला कळायचं. बिबट्याने शेपूट उचललं की भिकोबा खाकरायचा, बिबट्याने पाऊल टाकलं की सुलोचना ओरडायची, "टिटीव टिव, टिटीव टिव." कळप चरता चरता शांतपणे बाजूला व्हायचा. पळापळ नाही, रडारड नाही.

त्या काळात बिबट्याला एकही चितळ मिळालं नाही. तो खेकड्यांवर दिवस काढू लागला. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या.

सगळं जंगल खूश होतं. फक्त दोघांची झोप उडाली होती. एक बिबट्या आणि दुसरे भालचंद्रपंत. बिबट्याचं दुःख तुम्हाला कळलंच असेल. पंतांचं दुःख असं होतं की त्यांना बघायला समोर कोणीच नव्हतं. ते मोहाच्या झाडाखाली बसून मध चाटत आणि म्हणत, "हे लोक खरंच काम करत असतील का?" आजूबाजूला कळप चरत होता. पण कळप जिवंत आहे म्हणजे काम झालं, हे त्यांना कोण सांगणार? आणि त्यांना ते कळलं असतं, तर त्यांनी उद्यापासून काय केलं असतं?

पूर ओसरला. पंतांनी गुहा झाडून घेतली आणि निरोप धाडला, "या आता." कोणी आलं नाही. भिकोबाने उलट विचारलं, "कशाला यायचं?" या प्रश्नाला पंतांकडे उत्तर नव्हतं. मोठ्यांकडे उत्तर नसलं की ते सल्लागार नेमतात.

सल्लागार निवडायचं काम मोरेश्वर मोराकडे गेलं. पूर्वी हा मोरही इशारे द्यायचा, त्याचा आवाज चांगला लांब जायचा. पण पिसारा वाढल्यापासून त्याला कर्मचाऱ्यांच्या आनंदाचं काम दिलं होतं. त्याने खूप शोध घेतला आणि म्हणाला, "पंत, आपल्या खात्याचा सगळ्यात जवळून अभ्यास केलेला एकच प्राणी या जंगलात आहे. जन्मभर त्याने दुसरं काही केलंच नाही. कोण कुठे बसतं, कोण कधी बेसावध असतं, सगळं त्याला तोंडपाठ."

"कोण तो?"

"बिबटेसाहेब."

मुलांनो, हसू नका. तुम्ही लहान आहात म्हणून तुम्हाला हसू येतं. मोठ्या माणसांना अशा वेळी हसू येत नाही. ते म्हणतात, अनुभव दांडगा आहे.

सल्लागारांची पहिली बैठक नदीकाठी झाली. गवतातून बिबट्या आला. सुलोचना त्याला बघताच ओरडली. ओरडण्यासाठीच तर ती नोकरीला होती.

मोरेश्वर लगबगीने तिच्याजवळ गेला. "सुलोचनाताई, पाहुण्यांसमोर असं ओरडत नाहीत. चांगलं दिसत नाही ते."

"अहो, तो बिबट्या आहे."

"आम्ही कुठे नाही म्हणतो? पण आज ते आपले म्हणून आलेत."

बिबट्याने मान झुकवून सगळ्यांना नमस्कार केला. आवाज मऊ होता. तो म्हणाला, "मला दोन्ही बाजू कळतात. कर्मचाऱ्यांना झाड हवंय, पंतांना गुहा हवी. भांडता कशाला? दोन्ही घ्या. याला बाहेरच्या जंगलांत हायब्रिड पद्धत म्हणतात. सोमवारी निम्म्यांनी गुहेत यावं, निम्म्यांनी आपापल्या जागी राहावं. बाकीचे दिवस तुमच्या मनासारखं. फक्त एक दिवस असा हवा, की सगळे गुहेत. झाडून सगळे. एकत्र आल्याशिवाय आपलेपणा कसा वाढणार?"

पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुठला दिवस ठेवायचा?"

"मंगळवार," बिबट्या म्हणाला. "मंगळवारी मला भूक जरा जास्त असते. म्हणजे, कामाची."

असा मंगळवार ठरला.

सोमवारचा प्रकार तुम्ही पाहायला हवा होता. निम्मे गुहेत, निम्मे झाडावर, आणि दोघांच्या मध्ये निरोप पोचवायला एक साळुंकी. ती इकडचं ऐकायची, उडत तिकडे जायची, तिकडे बोलून दाखवायची आणि परत यायची.

"भिकोबा, आवाज येतोय का?" गुहेतून पंत विचारायचे.

बऱ्याच वेळाने साळुंकी परत यायची. "ते विचारतायत, कसला आवाज?"

"त्यांना सांग, आवाज येतोय का, असा आवाज."

साळुंकी जायची, यायची. "ते म्हणतात, मघाशी येत होता, आता येत नाही."

सकाळ यातच सरायची. भिकोबा साळुंकीशी बोलत असल्यामुळे गवताकडे बघू शकत नसे, आणि गुहेतले साळुंकीची वाट बघत असल्यामुळे एकमेकांशी बोलू शकत नसत. पंतांनी या अवस्थेला सुसंवाद असं नाव दिलं.

पहिल्या मंगळवारी सगळे गुहेत जमले. सल्लागार तेवढे उशिरा आले. जिभेने मिशा पुसत पुसत आले. म्हणाले, "माफ करा, वाटेत जरा काम निघालं."

"बघा," पंत सगळ्यांना म्हणाले, "साहेब आधी प्रत्यक्ष जागेवर जाऊन येतात. शिका काहीतरी."

त्या दिवशी कळपातलं एक पाडस कमी झालं. खातं मान खाली घालून उभं राहिलं. बिबटेसाहेबही उभे राहिले. सगळ्यांत जास्त वेळ तेच उभे होते.

आता सुलोचनाची अडचण सांगतो. तिने नुकतीच अंडी घातली होती. टिटवी घरटं बांधत नाही. नदीकाठच्या गोट्यांमध्ये, गोट्यांसारखीच दिसणारी अंडी ती उघड्यावर घालते आणि शेजारी उभी राहते. चरत चरत कळप जवळ आला की ती अंड्यांपुढे पंख पसरून उभी ठाकते आणि ओरडते. एवढीशी टिटवी. पण चितळ तिला बघतं आणि पाय बाजूला टाकतं. ती तिथे नसली, तर चितळाला काय कळणार, यातला गोटा कुठला आणि अंडं कुठलं? तिच्या नवऱ्याची बदली खात्याने पलीकडच्या डोंगरावर केली होती, तेव्हा अंड्यांजवळ दुसरं कोणी नव्हतं.

ती मोरेश्वराकडे गेली. "मला मंगळवारची सूट द्या. पिल्लं बाहेर येईपर्यंत. मी काठावर असले तर बिबट्याही दिसतो आणि अंडीही राहतात. गुहेत बसून मला दोन्ही दिसत नाही."

मोरेश्वराने डोळे मिटून मान हलवली. असं केलं की ऐकल्यासारखं दिसतं. "ताई, तुमची कळकळ पोचली. खातं म्हणजे एक कुटुंब आहे. पण एकाला सूट दिली की सगळे मागतात. असं करा ना, अंडी गुहेत घेऊन या. आपण एक बालकोपरा करू. छान गोटे मांडू."

"अंडी आणू कशात? चोचीत मावत नाहीत ती."

"तो प्रश्न तुम्ही सकारात्मक दृष्टीने बघा." मग त्याने तिला दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि पिसारा फुलवून दाखवला. कर्मचाऱ्यांच्या आनंदासाठी त्याच्याकडे एवढंच होतं.

भिकोबाला तिची दया आली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही येड्यावानी खरं बोलायला जाता. पंतांना तुम्ही नको, तुमचं पाऊल पाहिजे. सकाळी या, मातीत पाऊल उमटवा आणि भुर्रकन जा. पंत दिवसभर त्या पावलांकडंच बघत बसतात."

सुलोचनाने तसं केलं. पुढच्या मंगळवारी तिने पाऊल उमटवलं आणि ती काठावर परतली. हळूहळू सगळेच तसं करू लागले. मातीत पावलंच पावलं आणि गुहेत शुकशुकाट. पंत मातीजवळ येऊन वाकून बघत आणि खूश होऊन आपल्या मोहाच्या झाडाखाली जात. हो, पंत स्वतः मंगळवारी गुहेत बसत नसत. त्यांना विचार करायला मोकळी हवा लागे. नियम करणाऱ्याला नियमाचा वारा लागू नये, एवढी काळजी प्रत्येक खातं घेतं.

मुलांनो, हे लबाडीचं काम होतं. आणि या लबाडीच्या दिवसांत एकही चितळ मेलं नाही, हेही लक्षात ठेवा.

बिबट्याच्या बरगड्या पुन्हा दिसायला लागल्या. तो पंतांकडे गेला. फार दुखावलेला दिसत होता. "पंत, आपलेपणा घसरलाय. पावलं आहेत, पण मनं नाहीत."

"मग काय करायचं?"

"येतानाही पाऊल, जातानाही पाऊल. आणि दारात साळुंकी बसवा. मंगळवारी गुहेतून कोणी मधेच बाहेर पडता कामा नये. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

पंतांनी लगेच तसा हुकूम काढला.

आता तो मंगळवार. सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो.

सगळे गुहेत बसले होते. साळुंकी दारात होती. पंतांचं भाषण होतं, विषय होता एकत्र असण्याचं बळ. पंत मोहाखाली बसून बोलत होते आणि साळुंकीची बहीण त्यांचं एकेक वाक्य गुहेत आणून सांगत होती. सुलोचना भिंतीपाशी बसली होती. पहाटेपासून अंड्यांच्या आतून चोचींची टकटक सुरू झाली होती. आज नाहीतर उद्या पिल्लं बाहेर येणार होती.

मग तिच्या पायाखालची जमीन थरथरली. खुरांचा आवाज होता. पुष्कळ खुरांचा. चरणारा कळप असा आवाज करत नाही. जीव घेऊन पळणारा कळप करतो.

ती उठली. मोरेश्वर हळूच म्हणाला, "ताई, अजून प्रश्नोत्तरं आहेत." दारात साळुंकी पंख पसरून उभी राहिली. "जायची वेळ झालेली नाही. पाऊल घेता येणार नाही."

सुलोचनाने तिला धडक दिली आणि ती बाहेर पडली. जेवढं उडता येतं तेवढं उडाली. काठावर पोचली तेव्हा कळप पार निघून गेला होता. एका चितळणीला बिबट्या झाडीत ओढत नेत होता. आणि गोट्यांमध्ये, जिथे ती रोज उभी राहायची तिथे, खुरांचे ठसे होते. त्या ठशांत ओलं काहीतरी होतं आणि चोचीएवढ्या टरफलाच्या चकत्या होत्या. एका चकतीला अजून पिसाचा पुंजका चिकटलेला होता.

ती तिथे पंख पसरून उभी राहिली. आता राखायला काही उरलं नव्हतं, तरी उभी राहिली. मला इथे राग येतो, मुलांनो. मी तो लपवत नाही. बिबट्याचा येत नाही, बिबट्याला पोट आहे. राग येतो गुहेचा.

दुसऱ्या दिवशी आढावा झाला. सल्लागारांनी सांगितलं की काल बऱ्याच दिवसांनी पूर्ण हजेरी लागली. पद्धत यशस्वी होत आहे. पंत म्हणाले, "सुलोचनाबाईंचं वैयक्तिक नुकसान झालं, त्याचं आम्हाला वाईट वाटतं. पण जातानाचं पाऊल त्यांनी दिलं नाही, तेही वाईट वाटतं." मोरेश्वराने सर्वांना दीर्घ श्वास घ्यायला लावला.

सुलोचना काठावर परतली. टिटव्यांचं असं असतं, अंडी गेली तर त्या पुन्हा घालतात. तिनेही घातली. त्याच गोट्यांमध्ये.

आणि पुढच्या मंगळवारी ती गुहेत गेली नाही. येतानाचं पाऊल नाही, जातानाचं नाही. सगळं खातं गुहेत आणि ती एकटी काठावर. दुपारी गवत हललं. तिने बिबट्याला पाहिलं आणि ती ओरडली. भिकोबा नव्हता, कोणी नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या वाटचं ओरडली. कळपाने माना वर केल्या. तो तिच्या अंड्यांना वळसा घालून शांतपणे पाण्यापलीकडे गेला. बिबट्या रिकाम्या तोंडाने बैठकीला गेला आणि त्या दिवशी अगदी वेळेवर पोचला.

संध्याकाळी पंतांनी जाहीर केलं, "आज मंगळवार होता. सगळे गुहेत होते. आज एकही चितळ मेलं नाही. एकत्र असण्याचं बळ यालाच म्हणतात. एका कर्मचाऱ्याचा मात्र या यशात काहीच हातभार नव्हता."

साळुंकी नदीकाठी आली आणि खात्याचा निरोप सुलोचनाला तिने शब्द न चुकता ऐकवला. मंगळवारी गैरहजर राहिल्याबद्दल आपल्याला इशारा खात्यातून काढण्यात येत आहे. ऐकवून झाल्यावर ती जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "माझं नाव सांगू नका ताई, पण कळपात सगळ्यांनी तुमचाच आवाज ऐकला."

"पंतांना सांगितलंस का तसं?" सुलोचनाने विचारलं.

"मला जे सांगतात तेच मी सांगते," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

नदीकाठची जागा रिकामी झाली. एकच अर्ज आला. पंत भारावून गेले, कारण अर्जदार स्वतः बिबटेसाहेब होते.

"साहेब, तुमच्यासारखा अनुभवी प्राणी या साध्या जागेवर?"

"सेवा म्हणून करीन. अट एकच. मला गुहेत बोलवू नका. मी रोज नदीकाठीच बसेन. मंगळवारीसुद्धा."

"अर्थातच," पंत म्हणाले. "कामाचं स्वरूपच तसं आहे. काठावरचं काम काठावरूनच होणार. गुहेतून काय दिसतं?"

मोरेश्वराने टाळ्या वाजवल्यासारखा पिसारा हलवला.

बिबट्या कामावर रुजू व्हायला गोट्यांपाशी आला. सुलोचना अंड्यांशेजारी उभी होती. तिने त्याला बघितलं आणि ती ओरडली. कळप उठला आणि बाजूला झाला.

बिबट्या मऊ आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही आता खात्यात नाही. ओरडायचा अधिकार माझा आहे. आणि मी ओरडलेलो नाही, त्या अर्थी धोका नाही."

सुलोचना पुन्हा ओरडली. कळपाने कोण खात्यात आहे आणि कोण नाही, याची चौकशी केली नाही. तो आणखी लांब गेला.

तेव्हापासून ती रोज ओरडते आहे. तिची पिल्लं बाहेर आली, गोट्यांवरून तुरुतुरु पळायला लागली, तीही ओरडायला शिकली. बिबट्या पुन्हा खेकडे खातो. गुहेत मंगळवारची हजेरी पूर्ण असते. भालचंद्रपंत आता इतर जंगलांत जाऊन हायब्रिड पद्धत यशस्वी कशी करावी, यावर व्याख्यानं देतात. चितळं मरत नाहीत हा पुरावा ते सोबत घेऊन जातात.

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी नोकरीला लागलात की आपलं काम कुठे आहे, हे शोधत हिंडू नका. साहेबांना आपलं पाऊल कुठे हवं आहे, तेवढं बघा आणि ते तिथे नीट उमटवा. कामाची काळजी करू नका. ते कोणीतरी काढून टाकलेली बाई नदीकाठी उभी राहून करतेच आहे.